निरीक्षणगृहातून मुलगा घरी येतोय. शेजारी म्हणून आपण काय करायचं?

उंबरठा

आमच्या समोरच्या घरातला मुलगा येत्या काही दिवसांत निरीक्षणगृहातून, म्हणजे चौकशी चालू असताना अठराच्या आतल्या मुलांना ठेवतात तिथून, घरी येतोय. सोळा पूर्ण, सतरावं चालू. मोबाईलच्या एका दुकानाचं कुलूप रात्री तोडलं, त्यात हा होता. बरोबरचे दोघे वीस-एकवीस वर्षांचे. ते दोघे जामिनावर लवकर बाहेर आले आणि हा लहान असूनही पाच महिने आत राहिला, कारण सोडलं तर पुन्हा त्यांच्याच तावडीत सापडेल असं बाल न्याय मंडळाला वाटलं. आता चौकशी संपली आहे. दोन वर्षांच्या परिविक्षेवर, म्हणजे अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, त्याला आईच्या ताब्यात देणार आहेत.

वडील नाहीत. आई रुग्णालयात सफाईचं काम करते, पाळ्या बदलत्या. थोरली बहीण शिकतेय. सातवीपर्यंत हा माझ्याकडे गणिताला यायचा. आकडेमोडीत पटाईत, पण पायऱ्या लिहायचा कंटाळा. आठवीत वडील गेले, नववीत शाळा सुटली. त्यानंतर जिन्यात भेटला की नजर चुकवून भराभर उतरून जायचा. त्या दोन वर्षांत मी एकदाही त्याला थांबवलं नाही, काय चाललंय विचारलं नाही. हे मनाला फार लागून राहिलंय.

इमारतीत कुजबुज सुरू झाली आहे. एकांनी त्यांच्या घरमालकाला फोन करून "यांना जागा सोडायला सांगा" असं सुचवलं. इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी त्या वेळच्या बातमीचं कात्रण टाकलं, खाली त्याचं नाव लिहून. तो येईल त्या दिवशी मी काय बोलू? शाळेचं काही जमेल का? आणि सभेत उठून बोलायचं तर नेमकं काय बोलायचं? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. गाव, इमारत, नाव यातलं काही मी सांगणार नाही, विचारूही नका.

जुनीवही

ताई, मी एकतीस वर्षं परिविक्षा अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. जमेल तसं लिहितो.

आधी बोलण्याबद्दल. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात एक तत्त्व स्वतंत्रपणे सांगितलं आहे: मुलाच्या बाबतीत दूषण देणारे शब्द वापरायचे नाहीत. अटक, आरोपी, खटला, शिक्षा, गुन्हेगार हे शब्द म्हणूनच टाळायचे असतात. आमच्या कागदावर तो 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असतो. शब्द जड आहे, पण त्यामागचा विचार असा की मूल आणि त्याने केलेलं कृत्य यांची गाठ मारायची नाही. तुम्ही सभेत बोलाल तेव्हा 'तो चोर पोरगा' असं म्हणणाऱ्याला फक्त त्याचं नाव घेऊन उत्तर द्या. मी हे पुष्कळदा करून पाहिलं आहे. दोन-तीनदा नाव कानावर पडलं की समोरचाही नावाने बोलू लागतो.

आता खरी अडचण. संस्थेत उठणं, अंघोळ, मोजणी, वर्ग, खेळ, झोप सगळं घंटेवर चालतं. घरी आल्यावर घंटा वाजत नाही. पहिले दहा-बारा दिवस सगळे जपतात, नातेवाईक येऊन जातात, मुलगाही शहाण्यासारखा वागतो. मग आई कामाला लागते, बहीण कॉलेजला जाते आणि तो दुपारी बारापर्यंत झोपतो. माझ्या वहीतल्या नोंदी सांगतात की पाय घसरला तो बहुतेक तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, तोही संध्याकाळी. सहा ते नऊ ही वेळ फार वाईट. घरात कुणी नसतं, खाली कट्टा भरलेला असतो.

तुम्ही गणित शिकवत होतात ना? मग संध्याकाळी सहाची वेळ धरा. रोज. पंधरा मिनिटं का होईना, पण वेळ चुकवू नका. तो आला नाही तरी दार उघडं ठेवून बसा.

आईला सांगा, मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा तयार झालेला असतो, त्यात काय लिहिलंय ते अधिकाऱ्याकडून समजून घ्यायचं. भेटीच्या तारखा कुठे, कधी, कोणासमोर हे एका कागदावर लिहून दारामागे लावायचं. तारीख चुकली की मंडळाच्या नजरेत मुलगा उतरतो, आणि तारखा चुकतात त्या बहुधा आईची पाळी बदलल्यामुळे.

एक कबुलीही देतो. मुलाला मंडळासमोर आणल्यावर पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्यासाठी आम्ही शेजारीपाजारी विचारायला जायचो. दार अर्धवट उघडून कुणी म्हणालं, "घरच बेकार आहे हो", की ते वाक्य अहवालात उतरायचं आणि मुलाच्या मागे वर्षभर फिरायचं. विचारणारा निघून गेला तरी शेजाऱ्याचं ते वाक्य कागदावर राहतं. त्या दारातल्या माणसाने दोन मिनिटं विचार करून उत्तर दिलं असतं तर, असं आजही काही मुलांबद्दल वाटतं.

स्पष्टबोल

मला वेगळं वाटतं, राग मानू नका. ज्याचं दुकान फोडलं तो माणूस या चर्चेत कुठेच नाही. सोळाव्या वर्षी कुलूप तोडणं चूक आहे हे कळत नाही असं कोण म्हणेल? मी वाईट चिंतत नाही, पण धाक हवा. अशा मुलांना एकदा मोठ्यांचा तुरुंग आतून दाखवावा, तिथल्या कैद्यांशी बोलू द्यावं. डोळ्यांनी पाहिलं की पाऊल परत वाकडं पडणार नाही.

निरभ्र

स्पष्टबोल, तुमच्यासारखाच विचार करून अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर केलं गेलं. १९७०च्या दशकात न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी किशोरवयीन मुलांना समोर बसवून तुरुंगातलं आयुष्य ओरडून, धमकावून ऐकवायचे. ते इतकं लोकप्रिय झालं की अनेक राज्यांनी उचललं. पुढे अशा नऊ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, ज्यांत भेट दिलेल्या मुलांची तुलना भेट न दिलेल्या तशाच मुलांशी केली होती. तुरुंग पाहून आलेली मुलं पुढे जास्त गुन्ह्यांत सापडली. नुसता उपयोग झाला नाही असं नव्हे, अपाय झाला.

कारण या वयातल्या मुलांबरोबर काम करणाऱ्याला ओळखीचं वाटेल. सोळा वर्षांचा मुलगा दोस्तांसमोर घाबरलेला दिसू शकत नाही. तो भीती गिळतो, बाहेर येऊन फुशारकी मारतो. शिवाय त्या भेटीत त्याला एकच गोष्ट पक्की कळते: सगळे मला याच लोकांतला एक समजतात.

दुसरा अभ्यास मला फार आशा देणारा वाटतो. शेल्डन आणि एलिनॉर ग्लुक या हार्वर्डच्या दाम्पत्याने सुधारगृहात गेलेल्या ५०० मुलांची बारीकसारीक माहिती गोळा केली होती. ती खोकी विधी ग्रंथालयाच्या तळघरात पडून राहिली. १९८०च्या दशकात जॉन लॉब आणि रॉबर्ट सॅम्पसन या संशोधकांना ती मिळाली आणि त्यांनी त्याच मुलांचा माग थेट सत्तरीपर्यंत काढला. लहानपणीचे हाल जवळपास सारखे, पण म्हातारपणं अगदी वेगवेगळी. बहुतेकांनी कधी ना कधी गुन्हे सोडले होते. काहींना टिकणारं काम मिळालं, काही सैन्यात गेले, काहींना धरून ठेवणारा जोडीदार मिळाला. कुणीतरी आपली वाट पाहतंय आणि आपण गेलो नाही तर कुणाचं तरी अडेल, अशी जागा त्यांना सापडली होती. लहानपणाची नोंद पाहून कोण कुठे पोचेल हे सांगता आलं नसतं.

काळाकोट

कायद्याची बाजू थोडक्यात मांडते, मी वकील आहे.

ताई, ग्रुपवरचं कात्रण आणि नाव आधी काढायला लावा. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही, आणि त्यात वर्तमानपत्राबरोबर संवादाची इतर साधनंही येतात. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. धमकी म्हणून नको, माहिती म्हणून सांगा. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं.

त्याच कलमाचं दुसरं पोटकलम मी प्रत्येक आईला दोनदा वाचून दाखवते. प्रकरण निकाली निघालं असेल तर चारित्र्य पडताळणीसाठी किंवा इतर कोणत्याही कारणासाठी पोलिसांनी त्या मुलाची नोंद उघड करायची नाही. कलम २४ सांगतं की या कायद्याखाली प्रकरण हाताळलं गेलं म्हणून पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे दोषी ठरल्याची नोंद अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं जपायची आणि मग नष्ट करायची. अपवाद आहे तो सोळा ते अठरा वयोगटातल्या अतिगंभीर प्रकरणांचा, म्हणजे ज्या गुन्ह्याला मोठ्यांसाठी किमान सात वर्षांची शिक्षा आहे असे. रात्रीच्या घरफोडीला अशी किमान शिक्षा नाही, त्यामुळे तुमचा मुलगा त्या अपवादात येत नाही.

प्रत्यक्षात काय होतं तेही सांगते. नोकरीच्या अर्जात 'कधी गुन्हा दाखल झाला होता का?' असा रकाना येतो आणि मुलं तिथेच अर्ज फाडून टाकतात. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण होतं. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातली नेमणूक अल्पवयातल्या प्रकरणावरून नाकारली होती. न्यायालयाने उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला आणि लहानपणीची नोंद पुसली जावी हाच कायद्याचा हेतू आहे हे पुन्हा सांगितलं. असा रकाना समोर आला तर स्वतःच्या मनाने काही लिहू नका, आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा. तिथे मोफत वकील मिळतो.

आणि त्या दोन मोठ्या मुलांविषयी: मुलाला बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हे कलम फार क्वचित लावलेलं दिसतं, आणि याचा मला खरोखर संताप येतो. कुलुपासमोर उभं केलं जातं ते लहान मुलाला, आणि सगळा हिशेब मागितला जातो तोही त्याच्याकडेच.

एक_आई

मी दुसऱ्या बाजूची आहे. दोन वर्षांपूर्वी चार मुलांनी मिळून माझ्या मुलाला मारलं. हात दोन ठिकाणी मोडला. चौघांतला एक पंधरा वर्षांचा होता आणि आमच्याच गल्लीतला. तो दोन महिन्यांत परत आला. एके संध्याकाळी मी दार उघडलं तर समोरून चालत गेला. माझा मुलगा त्या दिवसापासून कितीतरी महिने एकटा खाली उतरला नाही.

तो परत येऊ नये असं माझं म्हणणं नव्हतं. कुठे जाईल तो तरी? पण आम्हाला कुणीही सांगितलं नाही. चौकशी बंद दाराआड होते, ते बरोबर आहे असं मला आता पटलंय, पण त्या दाराबाहेर आम्ही उभे होतो हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. माझ्या मुलाला कुणी विचारलं असतं, "तुला काय हवंय?", तर त्याने उत्तर दिलं असतं. त्याला एवढंच कळून घ्यायचं होतं की त्यांनी आपल्यालाच का निवडलं.

तुम्ही सगळे त्या मुलासाठी एवढा विचार करताय. करा, मनापासून सांगते. पण दुकानदाराला कुणी विचारलंय का?

उंबरठा

नाही, ताई. मी विचारलेलं नाही. स्पष्टबोल यांनीही तेच म्हटलं होतं आणि मी ते वाचून पुढे गेले. तुमच्या मुलाचा हात आता कसा आहे?

एक_आई

हात बरा आहे. परत खेळायला लागलाय. विचारलंत, बरं वाटलं.

जुनीवही

एक_आई यांच्यापुढे मान खाली घालतो. आमच्या पद्धतीत ही मोठी उणीव आहे. मुलाकडून समाजसेवा करून घ्यायचा किंवा पालकांना दंड करायचा आदेश मंडळ देऊ शकतं, समुपदेशन देऊ शकतं, पण ज्याचं नुकसान झालं त्याला मुलासमोर बसवून ऐकून घेण्याची रीत आपल्याकडे रुजली नाही. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात ती आणली. तिथे मुलगा, त्याचे घरचे, नातलग, पोलीस आणि इच्छा असेल तर ज्याला इजा झाली ती व्यक्ती एकत्र बसतात आणि झालेलं कसं भरून काढायचं ते ठरवतात. माओरी समाजातल्या कुटुंबाने मिळून निर्णय घेण्याच्या रीतीतून ती कल्पना आली.

पण ताई, घाईने दोघांना समोरासमोर आणू नका. मुलाची तयारी नसताना वदवून घेतलेली माफी ऐकणाऱ्यालाही बोचते. आणि कुठलीही भेट ठरवायची तर आधी परिविक्षा अधिकाऱ्याच्या कानावर घाला.

नवीन_आयडी_३

हा आयडी फक्त या धाग्यासाठी काढला. मी इथे जुना सदस्य आहे, दुसऱ्या नावाने.

पंधराव्या वर्षी मी सात महिने आत होतो. आज माझं वय चाळीसच्या जवळ आहे, बायकोला माहीत आहे, मुलांना नाही. ताईंनी विचारलंय पहिल्या दिवशी काय बोलू, म्हणून लिहितोय.

मी घरी आलो त्या संध्याकाळी काका बसले होते. मी आत शिरलो आणि त्यांनी टेबलावरचं पाकीट उचलून खिशात टाकलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नसेल. माझ्या आजही लक्षात आहे.

रात्री झोप येईना. आत दिवा रात्रभर चालू असायचा, घरी अंधार. उठून मोरीत जायचं होतं तर मी आईला हाक मारून विचारलं, "जाऊ का?" आई रडायला लागली. तुमच्या शेजारणीला आधीच सांगून ठेवा की असं काही झालं तर रडू नका, नुसतं "जा" म्हणा.

"आता सुधारलास ना?" हे विचारू नका. याला उत्तरच नसतं. हो म्हटलं तर खोटं वाटतं, गप्प बसलं तर आणखी वाईट. मला सगळ्यांत बरं वाटलं ते एका छापखान्याच्या मालकांमुळे. त्यांनी कामाला ठेवलं, त्यांना सगळं माहीत होतं, आणि त्यांनी त्याचा कधी विषय काढला नाही. चौथ्या दिवशी मी अर्धा तास उशिरा गेलो. ते सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले, शाई वाळली म्हणून. मी घरी जाताना रस्त्यात चक्क हसत होतो. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्यावर उशिरा आल्याबद्दल रागावलं होतं. फक्त उशिरा आल्याबद्दल.

आणखी एक, आणि हे महत्त्वाचं आहे. जुने लोक येतात. माझ्याकडे तिसऱ्या दिवशी आले. मारायला, धमकवायला नाही. प्रेमाने आले, नवीन शर्ट घेऊन. मग म्हणाले, "वकिलाचे पैसे आम्हीच भरले बरं का. बघ कसं करतोस." मुलगा परत जातो तो मजेसाठी जातो असं सगळ्यांना वाटतं. बरेचदा तो उधारी फेडायला जातो. त्याच्यावर कुणाचे पैसे आहेत का ते शोधून काढा. तो स्वतःहून सांगणार नाही.

पाना-पक्कड

छापखान्याच्या मालकांचं वाचून लिहावंसं वाटलं. माझं वर्कशॉप आहे, निरीक्षणगृहातून आलेल्या तीन मुलांना मी आजवर शिकाऊ म्हणून घेतलं. एक अजून माझ्याकडे आहे, आता तो इतरांना शिकवतो. एक वर्षभराने चांगल्या कामावर गेला. एक पंधरा दिवसांत पान्यांचा अख्खा संच घेऊन गेला. तिघांचंही लिहितोय, कारण लोक फक्त पहिल्याची गोष्ट सांगतात आणि मग दुसऱ्या एखाद्याने असा अनुभव घेतला की त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

माझं खरोखर चुकलं ते वेगळ्या जागी. पहिल्या मुलाबद्दल मी मिस्त्रीला विश्वासात घेऊन सांगितलं, "जरा सांभाळून घे." चार दिवसांत सगळ्यांना कळलं. मग दहा नंबरचा पाना सापडला नाही की सगळे त्याच्याकडे बघायचे. पाना बहुधा गाडीखालीच असायचा. तेव्हापासून मी कुणालाही सांगत नाही.

पगार महिन्याने देत होतो, तेही बदललं. हातात एक रुपया नसलेला मुलगा महिनाभर थांबू शकत नाही, आणि मधल्या काळात पैसे पुढे करणारे तयारच असतात. पहिले दोन महिने मी दर शनिवारी देतो. अठराच्या आतल्या मुलाला धोक्याच्या कामावर लावता येत नाही हेही ध्यानात ठेवा. कटिंग मशीन, वेल्डिंग यापासून लांब. चौदाच्या पुढच्याला शिकाऊ म्हणून नोंदवता येतं, पण कामाचे तास आणि जागा नीट पाहून. आणि सगळ्यात आधी कागद: आधार, शाळेचा दाखला, बँकेचं खातं. एका मुलाचं आयटीआयचं वर्ष केवळ दाखल्यापायी गेलं.

खडूफळा

दाखल्यावरून लिहिते. मी माध्यमिक शाळेत मुख्याध्यापिका होते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' आणि 'शाळा सोडण्याचे कारण' असे दोन रकाने असतात. मुलाच्या आईबरोबर तुम्ही स्वतः जा आणि दाखला हातात घेण्याआधी ते दोन रकाने वाचा. कुणी सद्भावनेनेसुद्धा तिथे काहीबाही लिहून ठेवतं, आणि तो कागद जन्मभर पुरतो.

नववीच्या वर्गात परत बसवायचा आग्रह धरू नका. सतरा वर्षांचा मुलगा चौदा वर्षांच्या मुलांमध्ये पहिल्याच तासाला वेगळा पडतो. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचाही पर्याय आहे, तिथे विषय निवडायला जास्त मोकळीक मिळते. मुदतीच्या तारखा मात्र आत्ताच बघून ठेवा.

दिवेलागण

वाचतेय. मनात एक प्रश्न आहे. या मुलाला आई आहे, समोर ताई आहेत. ज्याला परतायला घरच नाही त्याचं काय?

जुनीवही

त्याच्यासाठी कलम ४६ आहे, पण ते वापरलं गेलं पाहिजे. संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला अनुरक्षण म्हणजे राहण्याची सोय, शिक्षण किंवा प्रशिक्षण आणि आर्थिक मदत देता येते, साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून तेविसापर्यंत. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपये धरले आहेत. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करायचा. पण अठरा पूर्ण व्हायच्या आधी सहा महिने सुरुवात केली नाही तर मुलगा वाढदिवसाच्या दिवशी पिशवी घेऊन फाटकाबाहेर उभा असतो. मी असे उभे राहिलेले पाहिले आहेत. तेव्हा त्यांना घेऊन जायला कुणी आलेलं नसायचं.

उंबरठा (पाच आठवड्यांनी)

सगळ्यांचे प्रतिसाद छापून जवळ ठेवले होते. काय झालं ते सांगते.

तो आला त्या दिवशी मी फक्त म्हटलं, "वही आणलीस तर सहाला ये." दोन दिवस आला नाही. मी दार उघडं ठेवून बसले. तिसऱ्या दिवशी आला, वही नव्हती.

सभेत मी त्याचं नाव घेऊन बोलले. कलम ७४ सांगितलं, कात्रण काढलं गेलं. घरमालक मात्र ऐकत नाहीत. करार संपला की पुढे देणार नाही म्हणतात. अजून सात महिने आहेत. त्या माऊलीने तेव्हापासून जिन्यात मान वर केलेली नाही.

नवीन_आयडी_३, तुम्ही लिहिलंत तसंच झालं. ते दोघे आले होते. वकिलाचे नाही, पण निरीक्षणगृहात भेटायला येताना आईच्या हातात त्यांनी दोनदा पैसे ठेवले होते. आईला ते देवासारखे वाटले होते. बहिणीने तिच्या शिकवणीच्या पैशातून परत केले, मी आणि माझे यजमान बरोबर गेलो होतो. ते पैसे घेतील की नाही याचीच भीती होती. घेतले.

चौथ्या आठवड्यात तो रात्रभर घरी आला नाही. आईचं म्हणणं होतं की कुणाला कळू द्यायचं नाही. मला जुनीवही काकांची वही आठवली. सकाळी आम्ही दोघींनी परिविक्षा अधिकाऱ्यांना स्वतःहून फोन केला. तो दहा वाजता आला. नदीच्या पुलाखाली एकटाच बसला होता म्हणे. खरं की खोटं मला माहीत नाही. अधिकाऱ्यांनी त्याला बोलावून घेतलं, तासभर बोलले, मंडळाकडे तक्रार केली नाही. "तुम्ही लपवलं असतं तर करावी लागली असती" असं आईला म्हणाले.

१७ नंबरचा फॉर्म भरला. दाखल्यावर 'कारण' या रकान्यात काही लिहिलेलं नव्हतं, 'वर्तणूक' चांगली होती.

स्पष्टबोल

ताई, कामासाठी विचार करत असाल तर माझ्या भावाचं पुस्तकबांधणीचं काम आहे. अठराच्या आतल्याला चालेल असं आहे, मशीन नाहीत. मी त्याला काही सांगणार नाही. गणित येणारा एक मुलगा आहे, एवढंच सांगेन.

उंबरठा (आणखी दोन आठवड्यांनी)

स्पष्टबोल, तो सोमवारपासून सकाळी जातो. संध्याकाळी सहाला इथे.

एक_आई, तुमचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. अधिकाऱ्यांना विचारून मी एकटीच त्या दुकानदारांना भेटून आले. मला वाटलं होतं ते पैशांचं बोलतील. ते म्हणाले, तेव्हापासून रात्री दुकानातच झोपतो. घरी गेलो तरी तीनला जाग येते, कुलूप दिसतं. बायको रागावते. एवढंच बोलले. मुलाबद्दल चांगलं-वाईट काहीच नाही.

ते मी त्याला सांगावं की नाही, दोन दिवस विचार केला. मग काल गणितं सोडवताना सांगितलं, जसं त्यांनी सांगितलं तसंच, पुढे-मागे काही न जोडता. तो काही बोलला नाही. वर्गसमीकरणं चालली होती, दोन सोडवली, पायऱ्यांसकट. तिसरं अर्धवट ठेवून त्याने विचारलं, "ते अजून तिथेच झोपतात का?"

मला माहीत नव्हतं. विचारून सांगते म्हटलं. उद्या पुन्हा जाणार आहे.

एक_आई

जाऊन आलात की लिहा. मी वाट बघते.